अक्काची दळणाची हौस

सून गिरणीतून ज्वारीचं गरम पीठ घेऊन आली की मी डब्यात हात घालून बसते. ती हसते. त्या उबेत मला माझी थोरली बहीण भेटते, हे तिला काय सांगू?

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तेरा वर्षांची होते, लग्न ठरलं होतं. अक्का चौसाळ्याहून, तिच्या सासरहून, चार दिवस आली होती. माहेरी आलेल्या लेकीला कुणी दळायला बसवत नाही, पण अक्का ऐकायची नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी जात्याशी. "माझ्या लेकीला दळणाची लई हौस," आई शेजारणींना कौतुकानं सांगायची.

एका पहाटे मी तिच्यासमोर बसले. खुंट्यावर दोघींचे हात. मी विचारलं, "अक्का, सासरी कसं ऱ्हायचं गं?"

तिची ओवी थांबली. जातं मात्र तिनं थांबू दिलं नाही.

"रडू आलं तर दळायला बसायचं. घरघरीत कुणाला ऐकू जात न्हाई. डोळे लाल दिसले तर पीठ गेलं म्हणायचं. आन् आईला सांगायचं न्हाई. तिच्या हातात काय हाय?"

मला ती थट्टाच वाटली, हसू आलं. चिमणीच्या उजेडात तिच्या पापण्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या, गाल मात्र ओले होते.

"अक्का, डोळ्यात पीठ गेलं का गं?"

"व्हय," ती म्हणाली.

वर्षभरात माझी सासू शेजारणींना कौतुकानं सांगू लागली, "आमच्या सुनंला दळणाची लई हौस."