आधी लेंडी, मग तोंड

"आधी लेंडी बघायची, मग तोंड," असं म्हणत मामा रोज सकाळी पिंजऱ्यापुढे उकिडवे बसायचे. चार लेंड्या तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने एकेक फोडून बघायचे, मग हात पँटला पुसून आम्हाला नमस्कार करायचे. चहाचा कपही त्याच हाताने पुढे यायचा. वाचतानाच तुम्हाला कसंतरी होत असेल, तर पहिला महिनाभर माझं काय झालं असेल याचा विचार करा.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. नगरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते आणि मामा आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई होते. तिसगावकडचे, निम्मं आयुष्य शेळ्यांमागे काढलेले. पोटावर त्यांची फार श्रद्धा. आमचे विभागप्रमुख सर एखाद्या दिवशी चिडचिड करायला लागले की मामा हळूच मला म्हणायचे, "आज सायबांचं पोट साफ न्हाई." आणि खरं सांगते, बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

विद्यार्थ्यांना दाखवायला म्हणून सरांनी पुण्याहून चार हॅमस्टर आणवले होते. मामांनी खोक्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उंदरांना का तोटा हाय नगरात? त्यात हे शेपूट तोडलेले." पण दुसऱ्या दिवसापासून ते घरून येताना खिशात ज्वारीचे दाणे घेऊन यायला लागले. गालात दाणे कोंबून फिरणारी चौघांतली एक गुबगुबीत मादी माझी लाडकी झाली. तिचं नाव मी ठकी ठेवलं. दिवाळीच्या सुट्टीत तिला मी माझ्या भाड्याच्या खोलीवर घेऊन गेले, आणि तिथेच घोटाळा झाला.

सुट्टी संपली त्या सकाळी ठकीला परत आणलं तेव्हा तिच्या शेपटीखालचे केस ओले होते, लेंड्या पातळ झाल्या होत्या आणि भुशावर लालभडक डाग होते. लघवीतून रक्त! सरांनी डाग पाहिले आणि दोन पावलं मागे सरकले.

"बाई, हा संसर्ग असणार. बाकीच्या तिघांना लागला तर सगळं संपलं. दुपारी हिला क्लोरोफॉर्म द्या."

"सर, एक दिवस तरी..."

"दुपारी," सर म्हणाले.

मी स्टोअररूममध्ये जाऊन रडायला लागले. पंधरा दिवस ती माझ्या ओंजळीत झोपली होती आणि आता क्लोरोफॉर्मची बाटली मीच उघडायची होती. तेवढ्यात मामा आले. माझ्या रडण्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"बाई, काल रातच्याला तुमी काय जेवलात?"

"माझं काय विचारता मामा! ठकीचं बघा की!"

"तुमच्या ताटातलंच तिला घातलं आसंल ना? म्हनून इचारतो."

दुष्काळाचं साल होतं, ठकीला द्यायला ओला घास कुठे मिळेना. मी आठवून सांगितलं. पिठलं, भाकरी, काकडी. आणि बिटाची कोशिंबीर. बिटाची सालं आणि काकडीचा अख्खा शेंडा मी ठकीला दिला होता. मामांनी एनॅमलचा ट्रे धुतला, कोरडा केला, त्यात ठकीला सोडलं.

"आता तिकडं तोंड करा. बघत बसलं की जनावर मुतत न्हाई."

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. नेमके त्याच वेळी सर दारात आले. काय चाललंय विचारल्यावर मामा मागे न वळता म्हणाले, "वाट बघतोय सायेब." सर आले तसे निघून गेले.

अखेर ट्रेमध्ये लाल थेंब पडला. मामांनी तो काचपट्टीवर घेतला आणि माझ्यापुढे धरला. "रगत हाय का रंग हाय, ते तुमच्या भिंगात कळतं ना? पोरांना तर रोज शिकवता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळपासून रडत होते, पण हाताशी असलेल्या सूक्ष्मदर्शकाची आठवण मला झाली नव्हती. डोळा लावला. इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. तांबडी पेशी एकही नव्हती. नुसता बिटाचा रंग! मी मोठ्याने हसले आणि पुन्हा रडले.

सरांनीही काचपट्टी पाहिली, बराच वेळ पाहिली. "पण जुलाब आहेतच ना," ते म्हणाले. मग जरा मऊ झाले. "दोन दिवस देतो. वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा."

जुलाब काकडीने झाले म्हणून मामांनी हिरवं सगळं बंद केलं. ज्वारीच्या लाह्या, उकळून गार केलेलं पाणी, आणि भुसा दर दोन तासांनी बदलायचा. मी स्वयंपाकात काय केलंय हे ठकीसमोर बोलायचीसुद्धा त्यांनी मला बंदी केली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकापाशीच माझी वाट बघत उभे होते, मूठ झाकलेली.

"घ्या पेढा," म्हणत त्यांनी मूठ उघडली.

काळ्या, टणक, कोरड्या चार लेंड्या होत्या. मी हात पुढे केला आणि त्या तळहातावर घेतल्या. अंगठ्याने एक फोडूनही पाहिली. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना चहा पाजला, आणि कोणत्या हाताने कप आला हे मी पाहिलं नाही.

ठकी त्यानंतर वर्षभर जगली आणि म्हातारी होऊन झोपेतच गेली. मामांनी पिंजऱ्यातली लेंडी पाहिली. "चांगली हाय. मग तक्रार न्हाई," म्हणाले आणि बागेत खड्डा खणायला गेले.

पुढे मामा निवृत्त होऊन तिसगावला गेले. काही वर्षांनी ते वारल्याचं कळलं तेव्हा मी एसटीने त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले. अंगणात बायका बसल्या होत्या. सून सांगत होती, "सकाळी सोता चालत परसाकडं गेल्ते. भाकरी खाल्ली, निंबाखाली आडवे झाले, ते उठलेच न्हाईत."

मी न राहवून विचारलं, "पोट साफ झालं होतं का त्यांचं?"

बायका माझ्याकडे बघतच राहिल्या. सुनेने पदराने डोळे पुसले आणि रडता रडता हसली.

"व्हय बाई. मला सांगूनच आडवे झाले."

"मग तक्रार न्हाई," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना.