मीठ पडायच्या आत

कुठल्याही पार्किंग लॉटमध्ये जुनी गाडी दिसली की काका तिच्या दाराच्या खालच्या कडेवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान लावायचे. आपण बाजारात कलिंगड वाजवून बघतो ना, अगदी तसं. गाडीचा मालक समोरून येताना दिसला की मी ओशाळायचे. काका मुळीच नाही. "पत्रा खोटं बोलत नाही," ते मला समजावायचे. "वरून कितीही रंग मारा, आतून गंजला असेल तर आवाज बसका येतो."

ओकव्हिलला ते आमच्या शेजारच्या घरात राहायचे. निवृत्त इंजिनिअर. त्यांना आणि काकूंना मूल नव्हतं, त्यामुळे सणावाराला एकमेकांकडे जेवायला आम्हीच. उभा जन्म कॅनडात काढला, पण त्यांची प्रत्येक गाडी छोटी, करडी आणि समंजस. अशा माणसाने पंचाहत्तरी उलटल्यावर उत्तरेकडच्या कुठल्याशा शेतावरून सत्तरच्या दशकातली अमेरिकन मसल कार विकत आणली, तेव्हा आमच्या गल्लीला वाटलं, काकांचं डोकं फिरलं.

लांबलचक नाक, दोनच दारं आणि गरजेपेक्षा कितीतरी मोठं इंजिन, अशी ती जात. त्यातही ही दुर्मिळ. त्या नारिंगी रंगात आणि त्या इंजिनासकट फार थोड्या बनल्या होत्या म्हणे. आम्हाला नारिंगी कुठेच दिसेना. टो ट्रकवरून उतरलं ते गंजाचं खोकं होतं. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि तळाला एवढी भोकं की आत बसून खालचा ड्राइव्हवे दिसायचा.

माझ्या मुलीने आत डोकावून विचारलं, "इज इट डेड?"

"नो, रिटायर्ड," काका म्हणाले. "लाइक मी."

मराठी मंडळी बघायला आली की सगळ्यांचा एकच प्रश्न, "किती देते?" काका शांतपणे सांगायचे, "देत नाही हो, घेते."

खरं कारण मला काकूंनी सांगितलं. लग्न होऊन त्या टोरोंटोला आल्या तेव्हा त्यांच्या खालच्या मजल्यावर एकाकडे अशीच नारिंगी गाडी होती. सकाळी ती सुरू झाली की खिडकीची काच थरथरायची. काकू खिडकीशी उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "एकदा तरी मला अशा गाडीतून फिरवून आणा." मग घर झालं, दोन्हीकडच्या आईवडिलांची आजारपणं झाली, आणि ते राहून गेलं ते गेलंच. आता काकूंचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती, आणि त्याच महिन्यात काकांनी गाडी शोधायला घेतली होती.

"पन्नास वर्षांपूर्वी आणली असतीत तर माहेरी फोटो तरी पाठवला असता," काकू म्हणाल्या. पण रोज दुपारी शाल पांघरून गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. काका गाडीखाली, फक्त पाय बाहेर. "ही आधी सुरू होते की मी आधी बंद पडते, बघू या," त्या मला डोळा मारून सांगायच्या. गाडीखालून नुसता पान्याचा आवाज यायचा.

ओळखीचा एक मेकॅनिक म्हणाला होता, नवीन इंजिन टाका, पंधरवड्यात फिरवा. काकांना ते पटलं नाही. प्रत्येक भाग मूळचाच हवा. त्यात दोन वर्षं गेली, पण गंज जाऊन गाडी पुन्हा नारिंगी झाली.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी ती गरजली. सगळी गल्ली बाहेर आली. काकू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. काकांनी फडक्याने हात पुसून दार उघडलं. "चला, बसा."

काकू उठल्या आणि दाराशी थांबल्या. "अहो, पितृपक्ष लागलाय. पहिल्यांदाच गाडी बाहेर काढायची ती आत्ता? दसऱ्याला जाऊ, आता आलाच की."

काकांनी दार लावलं. आम्हालाही ते बरोबरच वाटलं.

दसऱ्याला झेंडूचा हार झाला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक झालं, चाकाखाली लिंबू ठेवलं. निघण्यापूर्वी काकांनी ब्रेक दाबून बघितला आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. मूळचा भाग अमेरिकेतून मागवावा लागला. तो दिवाळी संपल्यावर आला. काकांनी बसवला, आणि त्या आठवड्यात बर्फ पडलं. बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ या गाड्यांना खाऊन टाकतं. ज्या काकांनी दोन वर्षं गंज खरवडला, ते मिठात गाडी कशी घालणार?

"आता गुढीपाडव्याला," ते म्हणाले. "मुहूर्तही आहे."

"बरं," काकू म्हणाल्या.

जानेवारीत काकू गेल्या.

काकाही आता नाहीत आणि गाडी कुणा हौशी माणसाने नेली. मंडळी भेटली की अजून त्या गाडीच्या गोष्टी काढतात. मी त्या गोष्टींत फार वेळ थांबत नाही. मला काकूंच्या अस्थी आणायला गेलो तो दिवस आठवतो.

मी माझी गाडी तापवून ठेवली होती. तेवढ्यात शेजारचं गॅरेज उघडलं आणि ती नारिंगी गाडी बाहेर आली. रस्ता मिठाने पांढरा झाला होता.

"काका, माझ्या गाडीने जाऊ ना. मीठ किती आहे बघा. गंजेल."

"गंजू दे."

मी पुढचं दार उघडलं तर म्हणाले, "तू मागे बस, बाळ." पुढची सीट वाकवून मी अंग चोरून मागे शिरले. येताना अस्थींचा कलश पुढच्या सीटवर होता. काकांनी त्याला पट्टा लावला आणि तो घट्ट बसलाय ना, हे दोनदा ओढून पाहिलं.

आमच्या वळणावर ते वळले नाहीत. सरळ तळ्याकाठच्या रस्त्याला लागले. चिखलमिठाचे फवारे काचांपर्यंत उडत होते. गाडीचा आवाज एवढा की काका काही बोलत होते ते मला ऐकू येत नव्हतं. ते माझ्याशी बोलतही नव्हते. लांबवर जाऊन, पूर्ण फेरी घालून, आम्ही परत ड्राइव्हवेत आलो.

दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवल्याशिवाय मागच्याला उतरता येत नाही. उजवीकडे काकू होत्या. डावीकडे काका स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसले होते, आणि इंजिन त्यांनी बंद केलं नव्हतं. माझे पाय गारठले होते. उतरायचंय असं मी म्हटलं नाही.