सव्वीस किलोची पिशवी

साकोलीजवळ एकोडी गावात माझं तांदळाचं दुकान आहे. छापील, बंद पिशवीतल्या तांदळावर कर लागणार अशी बातमी आली, तेव्हा साकोलीत आम्हा व्यापाऱ्यांची बैठक बसली. पंचवीस किलोपर्यंतच्या पिशवीला कर, त्यावरच्या पिशवीला नाही, आणि सुट्ट्या तांदळालाही नाही, एवढं समजून घ्यायला दोन वेळा चहा झाला. शेवटी मीच म्हणालो, "पिशवी सव्वीसची करा ना जी, कायले डोकं लावून राहिले?" सगळे हसले आणि तसंच ठरलं. गावी परतताना माझी कॉलर ताठ होती. मला खूश व्हायला फार काही लागत नाही, असं बायको म्हणतेच.

सव्वीसच्या पिशव्या आल्या त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, ढिवर मोहल्ल्यातल्या पाच बाया दुकानात आल्या. तलावातली मासोळी विकून झाली की रिकाम्या टोपल्या माझ्या ओट्यावर ठेवायच्या, नळावर हात धुवायचे, पाचजणींत मिळून पंचवीस किलोची एक पिशवी घ्यायची आणि माझ्याच काट्यावर पाच-पाच किलो वाटून न्यायची, हा त्यांचा कित्येक वर्षांचा रिवाज. पिशवीची शिवण त्या स्वतः उसवतात. मला हात लावू देत नाहीत.

त्याला कारण आहे आणि ते मीच आहे. आधी त्या माझ्याकडून सुट्टा तांदूळ घेत. एका वर्षी माझ्याकडे कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, फार साचली. ती मी थोडी थोडी सुट्ट्या तांदळात मिसळून खपवली. सगळेच करतात, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यांच्या घरी भाताचा लगदा झाला. भांडायला कोणी आलं नाही. पुढच्या बाजारी त्यांच्यातली सगळ्यात मोठी बाई एवढंच म्हणाली, "आता शिवलेलीच देत जा भाऊ."

तर त्या दिवशी त्यांनी नवी पिशवी उसवली, पाच वाटे केले आणि किलोभर तांदूळ उरला. पाचही जणी त्या ढिगाकडे बघत बसल्या.

"हा कोनाचा जी?" मोठीनं विचारलं.

मी कर, बैठक, पंचवीस, सव्वीस, सगळं समजावून सांगितलं. ही हुशारी कोणाची होती, हेही मधे सांगून टाकलं.

"ते तुमी जाना आन् सरकार जाने," ती म्हणाली. "आमी पाच जनी हाव. वरच्या किलोचे पैसे कोन देईन?"

या पाचजणी पलीकडच्या दुकानात गेल्या असत्या, तर त्यांच्यामागे अर्धा मोहल्ला गेला असता. तो किलो मी परत घेतला आणि घाईघाईनं म्हणालो, "पुढच्या बाजारापासून सुट्टा घ्या ना मावशी. त्याले कर नाई. पाह्यजे तेवढा मोजून देतो."

"सुट्टा?" ती म्हणाली. "तुमच्या हातचा?"

आवाज चढलेला नव्हता. साकोलीची बस गेली का, असं विचारावं तसं तिनं विचारलं. बैठकीत मला तोडगा काढायला एक मिनिट लागलं होतं, इथं मी उगाच काटा पुसायला लागलो. लाज वाटली, खरंच वाटली. इतक्या वर्षांत मी त्यांची साधी माफीही मागितली नव्हती.

पुढच्या बाजारी ती घरून सूप घेऊन आली. मी सुट्टा तांदूळ काढून दिला. भर दुपारी, गिऱ्हाईकं उभी असताना, ती ओट्यावर बसून तो सुपात घेऊन घोळू लागली. तुकडा एका कडेला येतो का, ते वाकून पाही, मग पुढचं सूप भरी. लोक तिच्याकडे बघत आणि मग माझ्याकडे. मी काट्यापाशी उभा राहिलो.

"आजचा बरा हाय," शेवटी ती म्हणाली. "पुढच्या बाजारीबी पाहीन."

ती दर बाजारी पाहते. तिला घरून आणायला नको म्हणून मी दुकानातच एक सूप ठेवलं. आता ते इतर गिऱ्हाईकंही मागतात. मी मुकाट्यानं काढून देतो. सूप कशासाठी ठेवलंय, हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही.