सव्विसावं कलम

जोनास टिडमार्शच्या पोटात एकाच माणसामुळे दुखायचं, आणि त्या माणसाचं नाव डेन्झिल हार्बोर्न.

नेदरकॉम्ब गावात जोनास हाताखालचा पाद्री होता. बाप्तिस्मे, लग्नं, मयती, आजाऱ्यांच्या उशाशी बसणं, रविवारचं प्रवचन, सगळं त्याच्याच अंगावर. पिकाचा दहावा हिस्सा, सफरचंदांची बाग आणि चर्चशेजारचं दगडी घर मात्र रेक्टरचं, म्हणजे गावच्या मुख्य पाद्र्याचं. आणि रेक्टर म्हणजे ज्याचं तोंडही गाव विसरलं होतं असा एक म्हातारा, जो हवापाण्यासाठी बाथ शहरी गेला तो तिथलाच झाला. त्याच्यावर जोनास कधी जळला नाही. म्हातारा मरेल आणि जागा आपल्याला मिळेल, एवढ्या आशेवर त्यानं केस पिकवले.

म्हातारा मेला. जागा द्यायचा हक्क तिथले जमीनदार अर्लसाहेब यांचा. दफनाच्या वेळी ते जोनासला म्हणाले, “आमच्या डेन्झिलकडे भरपूर आहे. त्याला नको असेल तर हे तुमचंच, टिडमार्श.”

त्याच संध्याकाळी जोनासच्या बायकोनं, हेस्टरनं, पडद्यांसाठी दगडी घराच्या खिडक्या मापून घेतल्या.

डेन्झिल हा अर्लचा धाकटा भाऊ. थोरल्याला जमीन, मधल्याला पलटण, धाकट्याला चर्च, ही त्या घराण्याची रीत. तो ऑक्सफर्डला शिकारी कुत्रे घेऊन गेला आणि पदवी घेऊन आला. दीक्षा झाली न झाली तोच मामानं त्याला एका गावचं रेक्टरपद दिलं. सासऱ्यानं लग्नात दुसरं दिलं. बिशपसाहेब पूर्वी अर्लच्याच घरी मुलांना लॅटिन शिकवायला होते. त्यांनी आपल्या मोठ्या चर्चमधली, कॅथीड्रलमधली, एक कोरीव खुर्ची दिली, जिच्यावर वर्षाकाठी थोडे दिवस बसलं की वर्षभराचा पगार पक्का. वर राजवाड्यात प्रार्थना म्हणायचा मान. हे सगळं जोनासला प्रार्थनेच्या पुस्तकाइतकं पाठ होतं, आणि रोज उठून तो ते मनात घोळवायचा.

अशा माणसाला नेदरकॉम्ब कशाला हवं? तर इथल्या शेतांत तित्तिर फार. शिकारीला बरं म्हणून त्यानं गाव मागून घेतलं.

जोनासच्या अंगाचा तिळपापड झाला. पण एक धागा उरला होता. नव्या रेक्टरनं दोन महिन्यांच्या आत, भरलेल्या चर्चमध्ये, धर्माची एकोणचाळीस कलमं उभं राहून मोठ्यानं वाचायची, असा कायदा. वाचली नाहीत किंवा एखादं जरी राहिलं, तर जागा गेली. डेन्झिल शपथ घेऊन जो लंडनला गेला तो फिरकलाच नाही.

“अहो, त्यांना निरोप धाडलात का?” हेस्टर विचारी.

“मी काय त्याचा हरकारा आहे?”

“तसं नव्हे. उद्या म्हणतील, टिडमार्शनं मुद्दाम गप्प बसून घात केला.”

“मी गप्पच असतो, हेस्टर. गप्प बसण्याबद्दलच मला हे घर मिळालंय,” असं म्हणून त्यानं गळक्या छताकडे बोट दाखवलं.

शेवटचा रविवार उजाडला आणि डेन्झिल आला. चार घोड्यांची गाडी, उंचापुरा देह, गालांवर लाली. गाडीतून उतरताच त्यानं जोनासच्या खांद्यावर हात टाकला. “माझी बायको म्हणाली म्हणून आठवलं हो. नाहीतर पंचाईतच होती.”

जोनास समोरच्या बाकावर जाऊन बसला. निदान एक मजा तरी मिळेल, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. सव्विसावं कलम नालायक पाद्र्यांबद्दल होतं. वाईट माणसंही कधी चर्चमध्ये मोठ्या जागांवर बसतात, देवाच्या कृपेला त्यामुळे बाध येत नाही, पण अशांची चौकशी होऊन त्यांना काढून टाकावं, असं त्यात लिहिलेलं. हे शब्द त्या तोंडातून बाहेर पडताना जोनासला बघायचे होते. बाकी सगळं जाऊ दे, एवढं सुख त्याला हवं होतं.

डेन्झिल वाचू लागला. त्याचा आवाज चर्चभर असा पसरला की पोरंसोरंही चुळबुळायची थांबली. जोनासच्या प्रवचनाला हटकून डुलक्या घेणारी हेस्टर मान वर करून ऐकत होती. तिचा तो चेहरा जोनासला बघवेना.

तेविसावं झालं, चोविसावं झालं. पंचविसावं संपताना जोनास पुढे सरकून बसला. डेन्झिलनं पान उलटलं, आणि एकदम अठ्ठाविसावं सुरू केलं.

दोन पानं चिकटून उलटली होती. जोनासनं आजूबाजूला पाहिलं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गावाला त्यातलं एक कलमही ठाऊक नव्हतं. आज सूर्य मावळला की मुदत संपणार. उद्या बिशपच्या कचेरीत एक शब्द टाकला की जागा मोकळी. आणि पुन्हा भावालाच नेमून दोनदा तोंडघशी पडायला अर्लसाहेब काही मूर्ख नव्हते. जोनासनं दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर त्याला जन्मभर जमलं होतं.

एकोणचाळिसावं संपलं. डेन्झिलनं पुस्तक मिटलं, “हे सगळं मला मनापासून मान्य आहे,” म्हणाला, आणि चर्चभर एक सुस्कारा उठला. हेस्टरनं डोळे टिपले.

मागच्या बाकावरची म्हातारी गॅमिज शेजारणीला म्हणाली, कानानं अधू असल्यामुळे सगळ्यांना ऐकू जाईल असं, “असं वाचणारा हवा, बाई. आपले टिडमार्श वाचतात तेव्हा वाटतं, यांचा दात दुखतोय.”

लोक हसले. हेस्टरही हसली.

जोनास ताडकन उठला. “तीन कलमं राहिलीत,” तो ओरडला. “सव्विसावं, सत्ताविसावं वाचलंच नाही यांनी! पानसुद्धा धड उलटता येत नाही या माणसाला!”

तीन नव्हती, दोनच होती. जळफळाटात मोजणंही चुकलं. पण चर्चभरच्या माना त्याच्याकडे वळल्या, आणि तेव्हा आपण काय केलं ते जोनासला कळलं. तो उभाच राहिला. आता बसून काही उपयोग नव्हता.

डेन्झिलनं पुस्तक उघडलं, चिकटलेली पानं नखानं सोडवली आणि दिलखुलास हसला. “टिडमार्श, तुमचे उपकार झाले. तुमच्या जागी दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता.” मग त्यानं राहिलेली दोन्ही कलमं वाचली. नालायक पाद्र्यांचं तर इतक्या नम्रपणे वाचलं की म्हातारी गॅमिज रडली.

बाहेर कबरींमधल्या वाटेवर त्यानं जोनासचे दोन्ही हात धरले. “भाऊ म्हणत होता, तुमच्यासाठी दुसरीकडे कुठेतरी बघावं. आजच त्याला सांगतो, मुळीच बघू नको. असा प्रामाणिक माणूस मी सोडणार नाही. मी रेक्टर आहे तोवर तुम्ही इथेच.”

“आभारी आहे,” जोनास म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

रात्री हेस्टरनं खिडक्यांची मापं लिहिलेला कागद चुलीत टाकला.

पुढे डेन्झिल चढतच गेला. आणखी एक गाव मिळालं, मग आणखी एक, शेवटी कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, झाला, आणि नेदरकॉम्बही सोडलं नाही. प्रत्येक नव्या गावी कलमं वाचायची वेळ आली की जोनाससाठी गाडी यायची. नवं चर्च, नवी बाग, नवं दगडी घर बघत तो पुढच्या बाकावर जाऊन बसायचा आणि मांडीवर पुस्तक उघडून प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचा. पुन्हा काही राहू नये म्हणून डीनसाहेबांनी ही सोय केली होती, आणि जोनास असताना कधी काही राहिलं नाही.