आधी अक्षरं, मग अर्थ

संगणकाला जोडलेली यंत्रं चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लिहिणारी लेक म्हणाली, "बाबा, इंटरप्ट, म्हणजे 'अक्षर आलंय' अशी यंत्राची हाक, आला की ते अक्षर नुसतं उचलून ठेवायचं. तिथंच अर्थ लावत बसलं, तर पुढचं हुकतं." मला रहिमतपूरचं पोस्ट आठवलं.

एकाहत्तरचं युद्ध चालू होतं. तारमास्तर शंकरराव यंत्राची कटकट ऐकून तार उतरवत होते. काम शिकायला शेजारी बसलेल्या मला कागदावर सैन्यातल्या त्यांच्याच मुलाचं नाव दिसलं आणि मी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. खिडकीतून कुणी ओरडलं, "आवं मास्तर, माझी तार आली का?" त्यांची पेन्सिल थांबली नाही. माणूस आहे की दगड, असं मला तेव्हा वाटलं.

शेवटचं अक्षर उतरलं. पोच पाठवून मगच त्यांनी कागद वाचला.

"जखमी हाय गड्या," ते म्हणाले, "पण जित्ता हाय."

आणि तेव्हा कुठं त्यांनी पेन्सिल खाली ठेवून डोळे पुसले.