टोपणभर औषध

आबांच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम हिरवं असायचं. साबणाने घासलं तरी रंग जायचा नाही. पंगतीत शेजारी बसले, तर वरणाच्या आधी लिंबोणीच्या पाल्याचा वास यायचा.

पाटोद्यात आमची भिंतीला भिंत. आबा गॅरेजात मिस्त्री होते. माझी ओळख झाली तेव्हा काम सोडून घरी बसले होते. त्यांच्या परसात कागदी लिंबाचं एक जुनं झाड होतं, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं. पालवी फुटली की त्यावर नागअळी यायची. ही अळी कोवळ्या पानाच्या सालीखाली शिरून आतल्या आत चरत जाते. मागे चंदेरी नागमोडी रेघ उरते आणि पान वळतं. आबा रोज सकाळी स्टुलावर चढून एकेक पान उलटं करायचे, रेघेचं टोक शोधायचे आणि तिथे नख दाबायचे. "रेघंवर दाबून काय व्हतंय? अळी म्होरं गेली. टोकाला बघायचं."

मी हिशेबी माणूस. एका फांदीवरची पानं मोजली, फांद्यांनी गुणली आणि त्यांना दाखवून दिलं, की ते शेंड्याला पोचेपर्यंत खाली नवी अळी तयार असते. हे काम कधीच पुरं होणार नाही. आबा हसले नाहीत. "मग बरंच हाय की, भाऊ," म्हणाले. "सकाळचं जायाला जागा ऱ्हाती."

पुढे मीही अंगणात दोन लिंबोणी लावल्या आणि त्यांनाही अळी लागली. आमच्याकडे घरच्या एक-दोन झाडांसाठी कुणी औषधाची अख्खी बाटली विकत घेत नाही. कापसावर फवारणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून टोपणभर मागून आणायचं, हाताला लागेल त्या बाटलीत. चकलांब्याच्या मावसभावाकडून मी तसंच आणलं, सरबताच्या रिकाम्या बाटलीत. आबा आमच्या ओट्यावर बसले होते. पिशवीत काय आहे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी बाटली काढून घेतली, दोन्ही हातांत धरली, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात मला कुणी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

त्यांनीही परसातल्या त्या झाडासाठी असंच सरबताच्या बाटलीत औषध आणलं होतं. निम्मं मारलं, उरलेलं न्हाणीच्या कोनाड्यात ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस होते. धाकटी मुलगी शकू शाळेतून आली.

"तहान लागलती तिला, भाऊ. बाटली मीच ठेवलती."

बीडला नेईपर्यंत ती गेली होती.

बाटलीचं झाकण त्यांनी पुन्हा एकदा घट्ट पिळलं. मग उठताना म्हणाले, "तुमच्या घरात लेकरं हायेत. ही मी नेतो. झाडाला मी येत जाईन." दुसऱ्या दिवसापासून त्यांचं स्टूल आमच्याही अंगणात दिसू लागलं. बाटली त्यांनी कुठे पुरली, मला कळलं नाही.

काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, भांडणाचा आवाज मी कधी ऐकला नाही. फक्त शकू गेल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. त्या उन्हातून आल्या की आबा तांब्या भरून पुढे करायचे. काकू तो बाजूला ठेवून माठातून आपलं आपण घ्यायच्या. तरी आबा पुन्हा भरायचे. झाड तोडून टाका, असं कितीतरी जणांनी सांगितलं होतं. आबा म्हणायचे, "याला जगवायला तर आणलं व्हतं औषध. हेच मेलं तर माझी पोर कशापायी गेली?"

एकदा एका कृषी सहायकाला मी माझ्या रोपांबद्दल विचारलं. तो म्हणाला, रोपं जपा. मोठ्या झाडाला नागअळीने फारसं काही होत नाही, फवारायची गरजच नसते. आबांचे कष्ट वाचतील म्हणून हे सांगायला मी तडक त्यांच्या परसात गेलो. ते स्टुलावर होते, माझ्याकडे पाठ करून एक पान उजेडाकडे धरलेलं. 'माझी पोर कशापायी गेली' हे त्यांचं वाक्य मला आठवलं. मी आल्या पावली परतलो आणि पुढेही कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांची उजवी बाजू गेली. काकू त्यांची खाट झाडाखाली लावायच्या आणि फांदी वाकवून त्यांच्या छातीपाशी धरायच्या. आबा डाव्या अंगठ्याने चाचपत रेघेचं टोक शोधायचे. कधी सापडायचं, कधी पानच फाटायचं. दोघं एकमेकांशी बोलायचे नाहीत. पाणी काकू पाजायच्या. आबांनी तांब्या पुढे करायचे दिवस संपले होते.

पावसाळा सरता सरता आबा गेले. त्यानंतरच्या पालवीला कुणी हात लावला नाही. बघता बघता सगळी कोवळी पानं चंदेरी झाली, वळली.

या उन्हाळ्यात काकूंनी मला भिंतीवरून हाक मारली. त्या टोपली घेऊन झाडाखाली उभ्या होत्या. वर सगळी रेघांची पानं, आणि फांद्या दरवर्षीसारख्याच लिंबांनी वाकलेल्या.

"कुणी हात लावला न्हाई," काकू म्हणाल्या. "अन् याला काईच झालं न्हाई, भाऊ."

 त्यांनी एक वळलेलं पान उलटं करून पाहिलं.

"त्यास्नी हे ठावं नव्हतं ना?"

"न्हाई, काकू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि लिंबं तोडायला लागल्या.