कूलर बंद करून प्यायलेली वाइन

मे महिन्यात संध्याकाळी नागपुरातल्या घरात कूलर बंद असला, तर वीज गेली आहे किंवा कोणाला ताप आला आहे असं आपण धरून चालतो. रामदासपेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये वीज होती आणि सगळी माणसं ठणठणीत होती. तिथे कूलर बंद होता तो स्पेनहून आलेल्या लाल वाइनसाठी.

घर माझ्या मुलीच्या होऊ घातलेल्या सासऱ्यांचं. त्यांचा नागपूरला लागून असलेल्या वाडीला ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, मोठं गोडाऊन आहे. मुलगा माझ्या मुलीच्या ऑफिसात काम करतो आणि दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं होतं. तरी मुलगी पक्कं हो म्हणत नव्हती, कारण लग्नानंतर राहायचं होतं त्याच फ्लॅटमध्ये, आईवडिलांबरोबर.

"तो चांगला आहे बाबा," ती म्हणाली होती, "पण त्या घरात काकांपुढे कोणी बोलत नाही. तोही नाही. मला एकदा नीट बघू दे." आणि जेवणाचं आमंत्रण आलं तेव्हा तिने मला बजावलं, "तुम्ही मात्र गप्प बसा. तुम्ही सुरू झालात की सगळे तुमच्याकडेच बघतात. मला ते लोक दिसत नाहीत."

मी कबूल केलं. माझ्या बायकोने नुसतं हं केलं.

हॉलमध्ये एक शोकेस होतं, आतून दिवे लावलेलं. त्यात देवळातल्या मूर्तीसारखी ती बाटली उभी होती. यजमानांनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली.

"स्पेनची आहे, भाऊ. दोन द्राक्षांचं मिश्रण. तेम्प्रानियो आणि गार्नाचा." ही नावं त्यांनी अशी घेतली की जणू दोघं त्यांच्याच गोडाऊनला हमाली करतात. "चौदाशेची बाटली. अन् चव पाहा, पाच हजाराच्या बाटलीले मागं टाकते. स्वस्तात मस्त."

चौदाशे हा आकडा त्यांनी संध्याकाळभरात अनेकदा सांगितला. मी तोवर मोबाइलवर पाहून घेतलं होतं. तिकडच्या किराणा दुकानात ही वाइन चार युरोंना मिळते, आपल्याकडे चारशेच्या आसपास. उरलेले हजार रुपये तिच्या प्रवासाचे, कराचे आणि शोकेसमध्ये उभं राहण्याचे. मुलीला दिलेला शब्द आठवून मी मोबाइल खिशात ठेवला.

"फ्रिजमध्ये ठेवली नव्हती का?" माझ्या बायकोने सहज विचारलं.

"नाही वहिनी! रेड वाइन फ्रिजमधी ठेवायची नसते. रूम टेंपरेचर. अन् कूलर मी मुद्दाम बंद केला. कूलरच्या खसानं वाइनचा वास मरून जाते."

त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळेखाली तापमान दिसायचं. छत्तीस. बाटली माझ्यासमोरच होती. तिच्या पाठीवर बारीक इंग्रजी अक्षरांत छापलं होतं की सोळा ते अठरा अंशांवर प्यावी. म्हणजे ज्यांनी ती बनवली त्यांनी स्वतः सांगून ठेवलं होतं, आणि आमचे यजमान त्यांच्याही अठरा अंश पुढे होते. शिवाय कूलरमधल्या खसाचा, म्हणजे वाळ्याचा, वास ज्या वाइनला सोसत नव्हता, तिच्या भोवती स्वयंपाकघरातून सावजी मटणाचा वास येऊन उभा राहिला होता. त्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती.

ग्लास फिरले. माझ्या मुलीलाही दिला. "आम्ही मॉडर्न लोक आहो, बेटा. आमच्याकडे सुनेनं पदर घ्या, हे करा, ते नको करा, असलं काही नाही." होणाऱ्या सुनेच्या हाती वाइनचा ग्लास देण्याइतके ते मॉडर्न होते. त्यांची बायको मात्र पदराने गळ्याचा घाम टिपत दारात उभी होती आणि बंद कूलरकडे बघत होती.

मग परीक्षा सुरू झाली. ग्लास फिरवायचा, नाक आत घालायचं आणि काय वास येतो ते प्रत्येकाने सांगायचं. यजमानांनी कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. त्यांना स्वतःला आला तो पिकलेल्या जांभळाचा, तंबाखूचा आणि चामड्याचा. तंबाखू आणि चामडं या पैसे देऊन पिण्याच्या वस्तू आहेत हे मला त्या दिवशी कळलं. मुलगा म्हणाला, "हो पप्पा, जांभूळ." माझी बायको पीत नाही. तिने ग्लास नाकाशी नेला, "छान आहे" म्हणाली आणि तो टीपॉयवर ठेवून दिला. मग माझी पाळी.

"द्राक्षांचा वास येतो," मी म्हणालो.

"ते तर राहीलच, भाऊ! पुढं?"

पुढचं कळावं म्हणून मी घोट घेतला. गरम केलेलं खोकल्याचं औषध लागावं तशी लागली. जीभ आंबट, घसा जळतो आहे, पाठीला शर्ट चिकटलेला. ज्या माणसाने स्पेनमध्ये ती द्राक्षं वाढवली असतील, त्याने आमच्याविरुद्ध तक्रार केली असती तर मी त्याच्या बाजूने साक्ष दिली असती.

"आता तू सांग, बेटा."

मुलीने ग्लास हुंगला आणि खाली ठेवला. "काका, मला काही कळतच नाहीये. घाम येतोय नुसता. कूलर लावू या का?"

दारातल्या बाई आधी तिच्याकडे आणि मग नवऱ्याकडे बघू लागल्या.

"अगं, सांगितलं ना, खसानं..."

"मग वाइन नंतर पिऊ. आधी कूलर."

यजमान हसले, पण ते हसणं काही नीट नव्हतं. ते मुलाकडे वळले. "काय गा, समजाव तिले जरा."

मुलाने ग्लासात पाहिलं. माझ्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तिला जे बघायचं होतं ते हेच, हे मला कळलं, आणि त्या क्षणी त्या मुलाचा मला भयंकर राग आला. चांगला पगार घेणारा, उंचापुरा माणूस, आणि बसून राहिला होता. बायकोने माझा गुडघा दाबून धरला, म्हणजे माझं तोंड उघडलेलं असणार.

मग त्याने ग्लास ठेवला आणि उठला. बटण त्याच्या वडिलांच्या सोफ्यामागे होतं.

"पप्पा, पाय घ्या जरा."

त्यांनी पाय घेतले. कूलर घुरघुरला, मग पाण्याचा पंप सुरू झाला आणि ओली, गार हवा आमच्या तोंडावर आली.

"झालं," यजमान म्हणाले. "आता काय पेता? सरबत झालं तिचं."

"सरबत झालं असतं तं बरं झालं असतं!" दारातून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "दुपारपासून सांगून राहिली, फ्रिजमधी ठेवा म्हणून. पाहुण्याइले काढा पाजून राहिले." आणि त्या मोठ्याने हसल्या. मुलगाही हसला. यजमान हसले नाहीत. शोकेसमागे तशीच दुसरी बाटली होती, ती बाईंनी स्वतः नेऊन फ्रीजरमध्ये टाकली.

जेवताना ती थंड झालेली बाटली आली. मटणाच्या तिखटापुढे तिचा टिकाव लागणं शक्य नव्हतं, पण पहिल्या घासाआधी मी एक घोट घेऊन पाहिला. बरी होती. थोडी आंबट, थोडी गोडसर, चारशे रुपयांना कोणी दिली तर मी घेईन अशी.

"पाहा," यजमान म्हणाले, "मी म्हणलंच होतं न, माल चांगला आहे!"

परतताना मी गाडी चालवत होतो. मुलगी मागून म्हणाली, "उठायला फार वेळ लावला त्याने."

"बापासमोर उठला," माझी बायको म्हणाली. "पहिल्यांदाच उठला असेल."

"हो. आई, कूलर लागला तेव्हा काकूंचा चेहरा बघितलास? मला चालेल त्या घरात राहायला." आणि थोड्या वेळाने, "बाबा, उद्या काकांना फोन करा. हो म्हणून सांगा."

सकाळी मी फोन केला. नमस्कार झाला न झाला तोच त्यांनी विचारलं, "मग भाऊ, वाइन कशी वाटली?"

"थंड झाल्यावर बरी लागली," मी म्हणालो, आणि लग्नाचं बोलायला घेतलं.